ईश्वर-खेळ

ईश्वर-खेळ : संगणकावर, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या क्रीडायंत्रावर किंवा भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा एक प्रकार. यात खेळणारा पडद्यावरील एखाद्या पात्राची भूमिका घेत नाही. भूमी, हवामान, उत्पात इत्यादींवर सत्ता चालविणाऱ्या आणि स्वतः बहुधा अदृश्य राहणाऱ्या दैवताच्या ठिकाणी तो असतो व त्याच्या सत्तेखाली लहानलहान मनुष्याकृतींचा एक समुदाय नांदत असतो. इंग्रजीतील ‘गॉड गेम’ ही संज्ञा १९८९ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या पॉप्युलस या खेळाच्या निमित्ताने रूढ झाली. भ्रमणध्वनीवरील पॉकेट गॉड (२००९) या विनोदी खेळाने हा प्रकार सर्वसामान्यांच्या खिशात आणला. त्यातील ‘पिग्मी’ हे बुटके, पुनःपुन्हा मरणारे व पुनःपुन्हा अवतरणारे पात्र हे या प्रकारातील सर्वांत चमत्कारिक आणि त्याबरोबरच सर्वांत वादग्रस्त पात्र म्हणावे लागेल.

ईश्वर-खेळाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे अप्रत्यक्ष नियंत्रण. बुद्धिबळातील प्यादे खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे नेमक्या घरात जाऊन बसते. ईश्वर-खेळातील मनुष्याकृतीला मात्र ‘तू तेथे जा’ अशी आज्ञा सामान्यतः देता येत नाही. तिच्या वाटेतील डोंगर सपाट करता येतो, तिच्या शेतावर पाऊस पाडता येतो किंवा तिला भय दाखविता येते. पुढचे पाऊल कोणते टाकावयाचे, हे ती आपल्या अंगभूत नियमांनुसार ठरविते. दैवताचे सामर्थ्यही अमर्याद नसते. बहुतेक खेळांत ते भक्तांच्या संख्येवर व श्रद्धेवर अवलंबून असते. भक्त घटले, की देवाची शक्तीही घटते. संगणकीय खेळांत खेळणाऱ्याच्या पडद्यावरील प्रतिनिधीला ‘अवतार’ म्हणण्याची प्रथा अल्टिमा ४ (१९८५) व हॅबिटॅट (१९८६) या खेळांपासून रुळली. हा मूळचा संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ खाली उतरणे असा आहे. ईश्वर-खेळात असे उतरणे घडतच नाही. खेळणारा वरच राहतो. पडद्यावर त्याची खूण म्हणून फार तर एक तरंगता हात दिसतो. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे, गवळणी, वाघ आणि तोफा आपल्या मर्जीने मांडणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांना या स्थितीचा अनुभव संगणकापूर्वीपासूनच आहे. फरक इतकाच, की मातीचा मावळा आपणहून हलत नाही.

पूर्वपीठिका : एका व्यक्तीने संपूर्ण प्रजेचा कारभार पाहावा, या कल्पनेचा संगणकावरील पहिला ठळक आविष्कार म्हणजे द सुमेरियन गेम. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात १९६४ ते १९६६ च्या दरम्यान हा शैक्षणिक खेळ तयार झाला. त्याचे लेखन मेबल ॲडिस या शिक्षिकेचे होते. लगश या प्राचीन नगराचा अधिपती होऊन धान्यापैकी किती प्रजेला खाण्यासाठी द्यावयाचे, किती पेरावयाचे व किती कोठारात ठेवावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे असे. त्याच कल्पनेवर १९६८ मध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली गेली आणि पुढे हमुराबी या नावाने ती बेसिक या संगणकभाषेत सर्वत्र पसरली. या खेळांत चित्रे नव्हती, फक्त आकडे होते. दुष्काळात दगावलेल्यांची संख्या एका ओळीत छापून येई. ब्रिटिश गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा लाइफ (१९७०) हा खेळ वेगळ्या वळणाचा होता. चौकटींच्या जाळ्यात सुरुवातीची मांडणी तेवढी आपण करावयाची, पुढे जन्ममृत्यूचे नियम आपोआप चालत राहतात व खेळणारा केवळ साक्षी उरतो. विश्व निर्माण करून त्यातून अंग काढून घेणाऱ्या देवाची जी कल्पना अठराव्या शतकातील युरोपीय विचारवंतांनी मांडली होती, तिच्याशी याचे साम्य सहज लक्षात येते.

१९८०–९० या दशकाच्या आरंभी डॉन डॅग्लो यांनी मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन या क्रीडायंत्रासाठी यूटोपिया हा खेळ रचला. त्यात दोन खेळाडूंना दोन बेटे मिळत. वादळ, पाऊस आणि चाचे यांना तोंड देत प्रजा सुखी ठेवावी लागे. १९८५ मधील लिटल काँप्यूटर पीपल या खेळात तीन मजली घरात राहणारा एक गृहस्थ व त्याचा कुत्रा एवढेच होते. त्याला काही करावयास सांगताना नम्र शब्द वापरला, तर तो ऐकण्याचा संभव वाढे. देवाने भक्ताला ‘कृपया’ म्हणावे, ही अपेक्षा या प्रकारात नंतर क्वचितच आढळते.

पॉप्युलस : इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील बुलफ्रॉग या संस्थेत पीटर मॉलिन्यू, ग्लेन कॉर्प्स व त्यांचे सहकारी यांनी हा खेळ घडविला. त्याच्या जन्माची हकिकत अनेकदा सांगितली जाते. कॉर्प्स यांनी ठोकळ्यांपासून बनलेला तिरकस दृष्टिकोनातील एक भूप्रदेश पडद्यावर रेखाटला होता. मॉलिन्यू यांनी त्यावर माणसे सोडली. परंतु अडथळ्याला वळसा घालून जाण्याचा मार्ग त्या माणसांना शोधता येईना. ती डोंगराशी किंवा पाण्याशी येऊन थबकत. मार्ग शोधणारी आज्ञावली लिहिण्याऐवजी जमीनच वरखाली करण्याची सोय खेळणाऱ्याला देण्यात आली आणि तीच खेळाचा प्राण ठरली. एका तांत्रिक उणिवेतून निघालेला हा मार्ग होता.

पॉप्युलसमध्ये सपाट जमीन मिळाली, की अनुयायी तेथे घर बांधतात. सपाटी जितकी विस्तृत, तितके घर मोठे व तितके अनुयायी अधिक. अनुयायांपासून दैवताला ‘मना’ ही शक्ती मिळते (हा शब्द पॅसिफिक बेटांतील धर्मकल्पनांतून मानवशास्त्राने उचलला आणि खेळांनी मानवशास्त्रापासून घेतला). त्या शक्तीच्या बळावर भूकंप, दलदल, ज्वालामुखी, महापूर अशी संकटे प्रतिस्पर्धी दैवताच्या प्रजेवर लोटता येतात. शेवटी उभय प्रजांना मैदानात खेचून आणणारे अंतिम युद्धही पुकारता येते. दोन संगणक तारेने जोडून दोन माणसे परस्परांविरुद्ध खेळू शकत. यातील अनुयायी काही ठिपक्यांचे बनलेले असून त्यांना ना चेहरा होता, ना नाव. बुडताना ते हातपाय मारीत, एवढाच काय तो त्यांचा व्यक्तिविशेष.

जपानमध्ये १९९० साली निघालेल्या ॲक्टरेझर या खेळातील नायक उघडपणे देव होता व शत्रू सैतान. अमेरिकेत तो खेळ विकताना ही नावे बदलून देवाचा ‘मास्टर’ करण्यात आला. देवाची भूमिका खेळण्यास हरकत नव्हती. देव हे नाव उच्चारण्यास मात्र होती.

लघुप्रजेचा प्रश्न : पॉप्युलसच्याच वर्षी अमेरिकेत विल राइट यांचा सिमसिटी हा नगररचनेचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याला काटेकोरपणे ईश्वर-खेळ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत; कारण त्यातील खेळणारा नगरपती असतो. तथापि भूकंप व वादळे पाठविण्याची सोय त्यातही आहे. राइट यांनी आपल्या प्रेरणास्थानांत स्तानिस्लाव्ह लेम या पोलिश लेखकाच्या एका कथेचा उल्लेख केला आहे. लेम यांच्या द सायबेरिअड (१९६५) या संग्रहातील या कथेत ट्रुर्ल नावाचा यंत्रकार एका पदच्युत जुलमी राजाची करमणूक व्हावी म्हणून पेटीत मावेल असे छोटे राज्य बनवून देतो. राजाने त्यातील प्रजेला हवे तसे छळावे. प्रजा खोटीच असल्यामुळे कोणाचे काही बिघडणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. त्याचा मित्र क्लापाउशियस त्याला विचारतो, की वेदनेची नक्कल पूर्णपणे हुबेहूब साधली असेल, तर ती नक्कल आहे असे कशाच्या आधारे म्हणावयाचे? दोघे परत जाऊन पाहतात, तो ती प्रजा पेटीतून बाहेर पडून सगळा लघुग्रह व्यापून बसलेली असते.

आजच्या कोणत्याही ईश्वर-खेळातील मनुष्याकृतीला वेदना होतात, असे मानण्यास काहीही आधार नाही. तिच्या ‘मनात’ काही मोजक्या अवस्था असतात : उभे राहणे, चालणे, घाबरणे, पडणे, बुडणे. कोणत्या घटनेने कोणती अवस्था सुरू व्हावी, याचे एक कोष्टक असते. तरीसुद्धा लेम यांच्या कथेतील प्रश्न सर्वस्वी निरर्थक ठरत नाही. तो प्रजेच्या बाजूने न विचारता राजाच्या बाजूने विचारला, की त्याला धार येते : छळाची सवय छळणाऱ्याचे काय करते? यासंबंधी खेळांच्या अभ्यासकांत एकवाक्यता नाही. चेंडूफळीतील ‘बळी’ या शब्दाने जसे कोणी हिंसक होत नाही, तसेच हे आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते येथे बळी माणसासारखा दिसतो, डोळे विस्फारतो व किंकाळी फोडतो, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. राइट यांच्याच द सिम्स (२००० ) या खेळात पात्र पोहण्याच्या तलावात उतरल्यावर शिडी काढून घेऊन त्याला बुडविण्याची युक्ती खेळणाऱ्यांनी शोधून काढली. पुष्कळांना बालपणीच्या स्मृतींत या खेळाविषयी हीच गोष्ट प्रथम आठवते.

विनोदाचा शिरकाव : मृत्यूला हास्यास्पद करण्यात स्कॉटलंडमधील डंडी येथे तयार झालेल्या लेमिंग्ज (१९९१) या खेळाचा वाटा मोठा आहे. तो ईश्वर-खेळ नव्हे, कोड्यांचा खेळ आहे. परंतु हिरव्या केसांची इवलीशी पात्रे कड्यावरून रांगेने खाली पडत जातात, आणि डाव हाताबाहेर गेल्यास एका कळीने त्या सर्वांचा स्फोट घडवून आणता येतो. तत्पूर्वी ती दोन्ही हातांनी डोके धरून एक केविलवाणा उद्गार काढतात. मोजक्या ठिपक्यांत माणूस कितपत जिवंत भासविता येईल, या कुतूहलातून ही पात्रे जन्मली होती. विनोदी मृत्यूची सूत्रे येथे स्पष्ट दिसतात : पात्र लहान हवे, एकसारखे दिसणारे हवे, अनेक हवीत आणि रक्त नको. १९९७ मध्ये बुलफ्रॉगने डंजन कीपर या खेळात बाजू उलटविली. त्यात खेळणारा पाताळातील दुष्ट स्वामी असून आळशी सेवकांना चापट मारून कामाला लावतो.

ब्लॅक अँड व्हाइट : मॉलिन्यू यांनी पुढे स्थापन केलेल्या लायनहेड या संस्थेचा हा खेळ २००१ साली प्रसिद्ध झाला. यात दैवताला एक प्रचंड प्राणी पाळावयास मिळतो. आरंभी गाय, वानर किंवा वाघ यांपैकी एकाची निवड करता येते. हा प्राणी आज्ञेने चालत नाही, तो शिकतो. त्याने गावकऱ्यांना धान्य आणून दिले आणि दैवताने त्याला कुरवाळले, तर तो ते पुन्हा करील. गावकऱ्यालाच उचलून गिळले आणि त्यावर चापट बसली, तर तो बिचकेल. त्याची बुद्धी रिचर्ड एव्हान्झ यांनी रचली. भूक, राग, करुणा अशा इच्छांची तीव्रता साध्या कृत्रिम चेताजालांनी ठरते. कोणत्या वस्तूच्या बाबतीत काय करणे योग्य, याविषयीचे प्राण्याचे ‘मत’ निर्णयवृक्षाच्या रूपात साठविले जाते. प्राण्याने दगड, झाड, मासा व माणूस खाऊन पाहिले आणि प्रत्येक वेळी त्याला शाबासकी वा शिक्षा मिळाली, असे समजू. या अनुभवांची वर्गवारी कोणत्या गुणधर्माने सर्वांत स्वच्छ होते, हे आज्ञावली तपासते. सजीव-निर्जीव या भेदाने ती होत नसेल, तर आकार, मालकी अशा इतर गुणांची परीक्षा होते. परिणामी प्राण्याच्या ठिकाणी खेळणाऱ्याच्याच स्वभावाचे प्रतिबिंब उमटते. दुष्ट दैवताचा प्राणी शिंगे व काट्यांनी भेसूर होत जातो, सुष्टाचा तेजःपुंज. मात्र शिक्षा नेमकी कशासाठी झाली, हे प्राण्याला चुकीचे उमजण्याचा संभव असे व त्यामुळे खेळणाऱ्यांची बरीच तारांबळ उडे. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेतील कार्यासाठी विख्यात झालेले व २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले डेमिस हसाबिस यांनीही उमेदीच्या काळात बुलफ्रॉगमध्ये व नंतर लायनहेडमध्ये काम केले होते.

पॉकेट गॉड : ॲपल कंपनीने जुलै २००८ मध्ये आपल्या भ्रमणध्वनीसाठी इतरांनी बनविलेल्या आज्ञावलींची दुकानवजा सोय सुरू केली. तोपर्यंत ईश्वर-खेळ हा मोठ्या संस्थांनी वर्षानुवर्षे खपून करावयाचा उद्योग होता. सॅन फ्रॅन्सिस्को येथील बोल्ट क्रिएटिव्ह या संस्थेचे डेव्ह कॅस्टेलनुओव्हो व चित्रकार ॲलन डाय या दोघांनी जानेवारी २००९ मध्ये पॉकेट गॉड बाजारात आणला. किंमत ९९ सेंट. एक बेट, एक नारळाचे झाड, भोवती समुद्र आणि बेटावर गवती वस्त्र नेसलेले मोठ्या डोक्याचे काही पिग्मी, एवढाच सुरुवातीचा पसारा होता. जिंकणे-हरणे असे काही नव्हते. बोटाने पिग्मीला उचलावे, भिरकवावे, समुद्रात टाकावे, ज्वालामुखीत फेकावे किंवा त्याच्यावर वीज पाडावी. तो मेला, की दुसरा निर्माण करावा. पुढे शार्क मासा आला आणि संकटांची यादी वाढत गेली.

या खेळाचे यश समजण्यासाठी यंत्राची रचना ध्यानात घ्यावी लागते. भ्रमणध्वनीतील त्वरणमापकात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार लवचिक पट्ट्यांवर तोललेला असतो. यंत्र कलले, की गुरुत्वाकर्षणामुळे तो भार किंचित सरकतो, त्याच्या व स्थिर पट्ट्यांच्या दरम्यानची विद्युत्‌धारिता बदलते आणि त्यावरून कल किती व कोणत्या दिशेला हे कळते. पॉकेट गॉडमध्ये हातातील यंत्र तिरपे केले, की बेटावरील गुरुत्वाकर्षणच तिरपे होते व पिग्मी घसरत जातात. संगणकावरील ईश्वर-खेळात खेळणारा व प्रजा यांच्यामध्ये नेहमी एक ‘माउस’ असे. येथे देवाचे बोट खरोखरच पिग्मीच्या अंगावर टेकते. सर्वशक्तिमानतेचा इतका स्वस्त व इतका साक्षात प्रत्यय पूर्वीच्या खेळांनी दिला नव्हता. रेल्वेच्या प्रवासात, पाच मिनिटांच्या फुरसतीत तो घेता येई. अमेरिकेतील विक्रीच्या यादीत हा खेळ २००९ मध्ये अग्रस्थानी पोहोचला.

खेळाच्या वाढीची पद्धतही नवी होती. पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ दर आठवड्याला एक भर प्रसिद्ध होई व तिला दूरचित्रवाणी मालिकेच्या धर्तीवर ‘भाग’ म्हटले जाई. एकदा खेळ विकत घेतला, की या भरी विनामूल्य मिळत. पुढच्या भागात पिग्मीवर कोणते संकट यावे, याच्या सूचना ग्राहक करीत व कर्ते त्यांतील काही उचलीत. म्हणजे देवाची भूमिका करणारेच नव्या पापांची मागणी नोंदवीत होते, असे गमतीने म्हणता येईल.

पिग्मी व त्याची रूपांतरे : पिग्मी हे मुळात एकच पात्र आहे, एकाच साच्यातून सगळे निघतात. वैविध्यासाठी कर्त्यांनी पात्र न बदलता त्याची अवस्था बदलली. मृत पिग्मी थडग्यातून उठून ‘झाँबी’ होतो आणि जिवंत पिग्मींच्या मागे लागतो. झाँबी हा शब्द हैतीमधील लोकसमजुतींतून आला. तेथे तो मांत्रिकाने गुलाम केलेल्या मृताचा वाचक आहे, मेंदू खाणाऱ्या राक्षसाचा नव्हे. नंतरचे रूप अमेरिकन चित्रपटांची देणगी होय. या रूपांतराचा खेळाच्या रचनेवर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. साध्या पिग्मीच्या बाबतीत सर्व संकटे वरून, म्हणजे खेळणाऱ्याकडून येतात. झाँबीच्या प्रवेशानंतर पिग्मीला पिग्मीपासून भय निर्माण होते आणि आतापर्यंत छळणारा देव काही काळ बघ्या किंवा प्रसंगी रक्षणकर्ताही होतो. मारण्यासाठीच केलेल्या पात्राने मरण नाकारले, की खेळणाऱ्याची सत्ता प्रथमच अडखळते. खेळातील हा भाग, विनोद बाजूला ठेवूनही, विचारपूर्वक केलेला दिसतो.

याच खेळातील पिग्मी दुसऱ्या खेळात पाहुणा म्हणूनही गेला. लिमा स्काय या संस्थेच्या डूडल जंप (२००९) या उड्या मारण्याच्या खेळात खेळणाऱ्याने आपले नाव ‘ऊगा’ असे लिहिल्यास नेहमीच्या सोंडवाल्या प्राण्याच्या जागी पिग्मी उड्या मारू लागे. पॉकेट गॉडमध्येही उलट बाजूने तसाच उड्यांचा छोटा खेळ घालण्यात आला. लहान स्वतंत्र निर्मात्यांनी आपापली पात्रे एकमेकांना उसनी देण्याच्या प्रथेचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे. येथे पिग्मीची स्थितीही पालटते. आपल्या बेटावर तो असहाय प्रजाजन असतो, तर परक्या खेळात तो नायक, म्हणजेच खेळणाऱ्याचा अवतार होतो. २०१० मध्ये एप एंटरटेनमेंट या प्रकाशनसंस्थेने पॉकेट गॉडवर चित्रकथामाला काढली. तीत पिग्मींना स्वतंत्र नावे व स्वभाव मिळाले. आपण मरून पुन्हा उठतो, ही गोष्ट तेथे त्यांना ठाऊक असते.

नाव व आक्षेप : पिग्मी हे कल्पित जमातीचे नाव नाही, ही या पात्राची खरी अडचण आहे. मूळ ग्रीक शब्द कोपरापासून मुठीपर्यंतच्या लांबीचा वाचक असून इलियड या महाकाव्यात बगळ्यांशी लढणाऱ्या ठेंगू लोकांसाठी तो योजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांनी मध्य आफ्रिकेतील अरण्यांत राहणाऱ्या, कमी उंचीच्या जमातींना हेच नाव दिले. एम्बुटी, आका, बाका, ट्वा अशी त्यांची स्वतःची नावे आहेत. त्यांच्यापैकी आका लोकांचे बहुस्वरी गायन संगीतज्ञांत विख्यात असून युनेस्कोने २००३ मध्ये त्याचा विशेष गौरव केला. या नावाखाली झालेल्या अवहेलनेचे सर्वांत दुःखद उदाहरण ओटा बेंगा याचे आहे. काँगोमधून आणलेल्या या तरुणाला १९०४ मध्ये सेंट लूइस येथील जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील माकडांच्या विभागात प्रेक्षकांसाठी ठेवण्यात आले. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या निषेधानंतर त्याची तेथून सुटका झाली. १९१६ साली त्याने आत्महत्या केली. संग्रहालय चालविणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये, म्हणजे ११४ वर्षांनी, जाहीर क्षमा मागितली. महाराष्ट्रात हा शब्द पोहोचला तो मात्र बँकेच्या वाटेने : १९२८ मध्ये उडुपी येथील सिंडिकेट बँकेच्या पूर्वसंस्थेने रोज थोडेथोडे पैसे गोळा करणारी पिग्मी ठेव योजना काढली आणि दुकानोदुकानी हिंडणारा ‘पिग्मी एजंट’ गावोगावी परिचित झाला. त्यामुळे मराठी कानाला या शब्दातील डंख सहसा जाणवत नाही.

पॉकेट गॉडला प्रत्यक्ष आक्षेप आफ्रिकेपेक्षा पॅसिफिक महासागराकडून आला. खेळातील बेट, नारळी, गवती वस्त्रे व ईस्टर बेटावरील पुतळ्यांची आठवण करून देणारे शिल्प यांमुळे हे पिग्मी म्हणजे पॉलिनीशियन लोकांचेच व्यंगचित्र आहे आणि त्यांना मारण्यात करमणूक मानली जाते, अशी तक्रार २००९ मध्ये न्यूझीलंडमधील पॅसिफिक बेटवासीयांच्या गटांनी केली. हा खेळ म्हणजे व्यंगचित्रपटांतील मारपिटीसारखा निरुपद्रवी विनोद आहे, अशी त्याची बाजू मांडली जाते. ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी नाही. मांजर व उंदीर यांच्या व्यंगचित्रपटांतही हेच घडते. पण मांजर किंवा उंदीर कोणाचे आजोबा नव्हते. पात्राला आफ्रिकेतील जमातीचे नाव, पॉलिनीशियाचा वेष आणि हैतीचे भूत अशी तीन ठिकाणची उसनवारी आहे. या तिन्ही ठिकाणच्या लोकांनी बाहेरून आलेल्या सत्तांचे बोट आपल्या डोक्यावर प्रत्यक्ष अनुभवले आहे. नाव व वेष बदलले असते, तर खेळाच्या गमतीत काडीचाही उणेपणा आला नसता, हे लेमिंग्जच्या हिरव्या केसांवरून दिसून येते.

नंतरचे खेळ : जॉयबिट्स या संस्थेच्या डूडल गॉड (२०१०) मध्ये माणसे बाजूला पडून अग्नी, जल, वायू, पृथ्वी या मूलतत्त्वांच्या जोड्या लावून सृष्टी निर्माण करावयाची असते. एरिक शाई यांच्या फ्रॉम डस्ट (२०११) मध्ये वाळू, पाणी व लाव्हा यांचे प्रवाह हाताळून एका टोळीला वाट काढून द्यावी लागते. मॉलिन्यू यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटी हा प्रयोग केला. असंख्य लोकांनी एका प्रचंड घनाचे तुकडे बोटांनी टिपत जावयाचे व शेवटचा तुकडा काढणाऱ्याला आत दडलेले रहस्य मिळावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मे २०१३ मध्ये तो मान स्कॉटलंडमधील एका तरुणाला लाभला. येऊ घातलेल्या गोडस या खेळातील देवांचा देव हे पद व उत्पन्नातील वाटा त्याला जाहीर झाला. गोडस २०१४ मध्ये भ्रमणध्वनीवर आला. परंतु जाहीर केलेले देवपद त्या तरुणाला लाभले नसल्याचे २०१५ मध्ये पत्रकारांच्या चौकशीतून उघड झाले. मॅक्सिम कार्पेंको यांच्या वर्ल्डबॉक्स या खेळात मानव, एल्फ, ड्वार्फ व ऑर्क यांची राज्ये आपोआप वाढतात, लढतात व लयास जातात. त्यांतील प्रत्येक व्यक्तीला नाव व वय असून बोट ठेवताच तिचा वृत्तांत वाचता येतो.

भ्रमणध्वनीवरील जुने खेळ टिकवून ठेवणे अवघड असते. ॲपलच्या कार्यप्रणालीने सप्टेंबर २०१७ पासून ३२ बिटी आज्ञावली चालविणे बंद केले व ज्यांची पुनर्रचना झाली नाही असे असंख्य खेळ नव्या यंत्रांवर उघडेनासे झाले. पॉप्युलस मूळच्या अमिगा संगणकाचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलींच्या साहाय्याने खेळता येतो.